डाव्या हाताची पंगत

बाबांनी कोट घातला तेव्हाच मला वाटलं, आज हे घरी बसायचे नाहीत. चांद्याचा मे महिना, सकाळचे साडेसहा वाजलेले (उन्हाळ्यात कोर्ट सकाळीच भरतं), भिंतीला हात लावावा तर कालची तापलेली भिंत अजून निवलेली नाही. अशा दिवसांत माणसाला बनियनही नकोसं होतं, आणि हे गावाहून आमच्याकडे आलेले सत्तरीचे गृहस्थ लग्नाकार्यात घालायचा काळा कोट चढवून, टोपी झटकून, छत्री काखेत मारून ओट्यावर उभे. "कुठी निघालात, बाबा?" मी विचारलं. "तुझं कोर्ट पाहाले," ते म्हणाले. "सात वर्षं झाली तुले सरकारी वकील होऊन. गावात लोक इचारते, नानाजी, पोरगा कोर्टात बोलते कसा? म्या काय सांगू? घरी तं तू बोलतच नाईस." माय दारात उभी होती, डाव्या हातात तांब्या, उजवा हात नेहमीसारखा पदराखाली. ती हसली. मी म्हणालो, आज काई पाहासारखं नाई, साधी मारपिटीची केस हाये, उगाच उन्हात मरसाल. "कोणाची मारपीट?" "नवऱ्यानं बायकोले मारलं." बाबांचा चेहरा खुलला. "मंग तं आलोच पायजे. पन्नास घरं जुळवली म्या अशी." तेही खोटं नव्हतं. आरमोरीच्या आसपास दहा-बारा गावांत नवराबायकोचं फाटलं की आमच्या जातीचे लोक बाबांनाच पंच म्हणून बोलावतात. नानाजी बसले म्हणजे घर जुळणारच, असा त्यांचा लौकिक. मी तांब्या घेण्यासाठी हात पुढे केला आणि मायच्या पदराकडे पाहायचं टाळलं. हे टाळणं मला इतकं सवयीचं झालं आहे की टाळतो आहे हेसुद्धा ध्यानात येत नाही. त्या दिवशी आलं.

केस साधी म्हणालो ते खरं नव्हतं. केस हरत चालली होती. मूल या गावाच्या वाटेवरच्या एका धानाच्या गावची बाई, भागीरथा, वय बावीस. नवऱ्याचं नाव वारलू. पौषात खळ्यावर धानाची मळणी चालू असताना त्यानं बंडीची उभारी उपसली आणि तिला मारलं. बंडी म्हणजे बैलगाडी; तिच्यातल्या पेंढ्या सांडू नयेत म्हणून कडेनं काठ्या रोवतात, त्यांतली एक म्हणजे उभारी, मनगटाएवढी जाड. कारण विचारू नये. कारण प्रत्येक केसमध्ये असतं आणि प्रत्येक केसमध्ये ते वाटाण्याएवढंच असतं. उजव्या हाताचं हाड कोपराखाली मोडलं. चौथ्या दिवशी जातीचे पंच बसले, वारलूकडून बोकड घेतला, समझोत्याचा कागद केला, त्यावर तिचा अंगठा उठवला आणि जेवून उठले. अकराव्या दिवशी तिचा भाऊ झिंगू तिला चांद्याच्या दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं, हाड मोडल्याला चार दिवस झाले असतील किंवा पंधरा, खात्रीनं सांगता येत नाही. आता वारलूचा वकील म्हणत होता की माझ्या अशिलानं फक्त एक थप्पड मारली, ती पंचांसमोर मिटली. मग पंगत उठल्यावर दोन दिवसांनी बाई धानाच्या पुंजण्यावर, रचलेल्या पेंढ्यांच्या ढिगावर चढली, पडली आणि हात मोडून घेतला. नुसती थप्पड असेल तर नवराबायकोंना ती आपसांत मिटवता येते, कागद दाखवला की खटला संपला. हाड मोडलं असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय काही मिटत नाही. म्हणजे सगळी केस एवढ्याच प्रश्नावर येऊन बसली होती की पंगतीच्या दिवशी हात मोडलेला होता की नव्हता. शेजारीपाजारी तर एका रात्रीत आंधळे आणि बहिरे झाले होते.

आणि कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली वारलूची बंडी उभी होती. रात्रभर हाकून आणलेली, बैल सोडून बांधलेले, आत धानाच्या वाळल्या तणसाची जाड गादी केलेली आणि तिच्यावर नवीकोरी चटई. बायकोला न्यायला आला होता तो, कोर्टाचा निकाल खिशात असल्यासारखा. बंडीच्या उभाऱ्या हातांच्या घामानं काळ्या झालेल्या होत्या, एक तेवढी नवी, पांढरी. जुनी पोलिसांनी जप्त केली होती, ती आत माझ्या टेबलावर चिठ्ठी बांधून पडली होती. व्हरांड्यात झिंगू मला म्हणाला, "साहेब, कोर्टानं मोकळं केलं तं मी तिले ठेवू नाई शकत. पंचाईचा कागद हाये. मले जातीत राहाचं हाये, माह्या पोरींची लग्नं हायेत." भागीरथा खांबाला टेकून बसली होती. ती बंडीकडे पाहत नव्हती आणि तिला बंडीशिवाय दुसरं काही दिसतही नव्हतं. "त्या बंडीत बसलो तं मी गावाले पोचणार नाई, साहेब," ती म्हणाली. रडली नाही. बाजारात धानाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला तिचा राग आला. साक्षीदारानं थोडं रडावं, मॅजिस्ट्रेटवर परिणाम होतो. असले विचार मला येतात. सात वर्षांत मी अशा पाऊणशे केसेस चालवल्या असतील, त्यांतल्या साठ तरी बायांनीच उभं राहून मोडल्या, पडलो, घसरलो, दार लागलं. मी त्यांच्यावर चिडतो, घरी येऊन चिडतो, माझा आवाज चढला की बायको दोन पावलं मागे सरते. मी कधी हात उचललेला नाही. तरी ती सरते.

बाबा तोपर्यंत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले होते आणि त्यांच्या शेजारी डोक्याला पांढरं फडकं बांधलेला एक म्हातारा पान लावत होता. तो लटारूभाऊ, भागीरथाच्या पंचांतला थोरला. कागदोपत्री माझाच साक्षीदार, पण पोलिसांपुढेसुद्धा त्यानं धड काही सांगितलेलं नव्हतं आणि आज वारलूच्याच बंडीतून आला होता, त्यामुळे त्याला उभा करायचा नाही असं मी ठरवून टाकलेलं. दोघा म्हाताऱ्यांची जुनी ओळख निघाली. कुठल्याशा लग्नात, कुठल्याशा बैठकीत एका सतरंजीवर बसले होते. बाबांनी मला हाक मारली, "पत्रू, हे लटारूभाऊ. लई समजदार माणूस." लटारूभाऊनं मला हात जोडले, पान पुढे केलं. साक्षीदाराकडून पान घेता येत नाही हे त्याला कसं सांगावं ते मला समजेना. मी घड्याळाकडे पाहिलं आणि आत गेलो. पाठोपाठ बाबा आले, शेवटच्या बाकावर बसले, छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. त्यांना एक कोरडा खोकला आहे, दर दोनतीन मिनिटांनी येतो. कोर्ट सुरू झालं आणि मी बोलायला उभा राहिलो तेव्हा पाठीमागून तो खोकला आला आणि माझं पहिलंच वाक्य अडखळलं.

सरतपास, म्हणजे माझे प्रश्न, ठीक झाला. भागीरथानं जे सांगायचं ते सांगितलं, हात वर कर म्हटल्यावर हात वर केला, तो कोपराखाली वाकडा बसलेला सगळ्यांनी पाहिला. पाहिला म्हणजे काय, वाकडा हात वाकडाच दिसणार, तो कधी वाकडा झाला हे हातावर लिहिलेलं नसतं. मग वारलूचे वकील उठले. नागपूरचे, गोरे, शांत, रुमालानं मान पुसत बोलणारे. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. पंच बसले होते ना? बसले होते. कागदावरचा अंगठा तुझाच ना? माह्याच, धरून लावला. बरं, धरून तर धरून. पंचांना जेवण झालं ना? झालं. रांधलं कोणी? "मी अन् सासूनं." आणि वाढलं कोणी? भागीरथा थांबली. "वाढलं कोणी, बाई? सोपा प्रश्न आहे." "म्याच वाढलं," ती म्हणाली. "किती माणसं होती?" "चवदा." "नवऱ्यालाही वाढलंस?" "वाढलं." वकील मॅजिस्ट्रेटकडे वळले. "म्हणजे साहेब, उजव्या हाताचं हाड मोडलेली बाई चौदा माणसांना भात वाढत फिरत होती. माझा उलटतपास संपला." आणि बसले. कोणीतरी मागे हसलं. वारलू आरोपीच्या जागेवर उभा होता, त्यानं खिडकीतून बंडीकडे पाहिलं, बैलांना पाणी दाखवायचं राहिलं की काय असं. मॅजिस्ट्रेट कोकणातले, नवं राज्य झाल्यावर इकडे बदलून आलेले, उन्हानं हैराण. लिहिता लिहिता मान वर न करता त्यांनी विचारलं, "फेरतपास?"

फेरतपास म्हणजे उलटतपासात जे निघालं तेवढ्यापुरतं मला पुन्हा विचारता येतं. जेवणाची गोष्ट वकिलांनीच काढली होती, म्हणजे दार त्यांनीच उघडलं होतं. आणि मला प्रश्न माहीत होता. वकिलीतला पहिला धडा हा की ज्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही तो साक्षीदाराला कधी विचारू नये. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते माझ्या फायलीत कुठे नव्हतं. पोलिसांच्या बयानात नव्हतं, डॉक्टरांच्या कागदात नव्हतं. ते मला सात वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. आमच्या घरच्या मांडवात पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या, आमचंच घर जुळवायला आलेले पंच ओळीनं बसलेले, मी बाबांच्या शेजारी, आणि लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा वास. मला वडे फार आवडायचे. तीन दिवस घरात चूल नीट पेटली नव्हती, शेजारची बाई भाकरी आणून टाकायची, आणि आज मटण होतं आणि वडे होते. मग माय आली. भाताचं टोपलं तिनं पत्रावळींपाशी खाली टेकवलं, उजवा हात पदरात गुंडाळून पोटाशी धरलेला, आणि ती डाव्या हातानं वाढायला लागली. आमच्याकडे डाव्या हातानं कुत्र्यालाही घास टाकत नाहीत. ती पहिल्या पानाशी थांबली, त्या पंचानं वर पाहिलं, मग खाली पाहिलं. कोणी हात मागे घेतला नाही, कोणी पुढे केला नाही. एकजण म्हणाला, "हे काय वं शकू? डाव्या हातानं?" बाबांनी घसा साफ केला, तेव्हा हा खोकला नव्हता. आता कोणीतरी काहीतरी म्हणणार, हे सगळे उठणार, पत्रावळी उचलणार आणि वडे जाणार, असं मला वाटलं. खरंच एवढंच वाटलं, मी स्वतःला आज तीस वर्षांनी काही मोठं वाटलं असेल म्हणून सांगू पाहतो, पण नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "माय मोहावरून पडली."

मोहाच्या झाडावर कोणी चढत नाही. चैत्रात मोह पहाटे आपोआप गळतो, बाया टोपल्या घेऊन जातात आणि वाकून वेचतात. पडायचं झालं तर खाली पडलेल्या फुलांवरच पडणार. हे त्या मांडवातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, प्रत्येकाच्या आईनं, बायकोनं जन्मभर मोह वेचला होता. पण सगळ्यांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "पोट्टं खोटं नाई बोलत." मग पहिल्या पंचानं हात पुढे केला आणि मायनं डाव्या हातानं भात वाढला, आणि पंगत सुरू झाली. मी सहा वडे खाल्ले. मायचा हात तसाच बसला, वाकडा, आणि माझं वाक्य घरात राहिलं. कोणी पाहुणा विचारायचा, शकुबाईच्या हाताले काय झालं? तर बाबा नाही, माय नाही, मीच सांगायचो, मोहावरून पडली. मग कोणी विचारेनासं झालं. माझ्या बायकोलाही मी तेच सांगितलं होतं. ती अमरावतीची, तिला मोह म्हणजे काय हे माहीत नव्हतं, म्हणून बरं.

"फेरतपास आहे की नाही, प्रॉसिक्यूटर?" मॅजिस्ट्रेटांनी आता वर पाहिलं होतं. मागे बाबा खोकले. मला वाटलं, नाही म्हणावं. नाही म्हटलं तर काय होईल ते मला दिसत होतं: कागद हजर होईल, खटला निकाली निघेल, साडेनऊपर्यंत बैल जुंपले जातील. वारलू तिला हात धरून बंडीत चढवेल, सगळ्यांसमोर अगदी जपून चढवेल. मी घरी जाईन, बाबा सांगतील पोरगा छान बोलते, माय हसेल. खरं सांगायचं तर मला भागीरथाची दया आली नव्हती, मला भीती वाटत होती, सात वर्षांच्या मुलाला वाटते तशी, की आता हे सगळे उठतील. आणि त्या भीतीचाच मला इतका संताप आला की मी उभा राहिलो. कोर्टात माझी भाषा वेगळी असते, स्वच्छ, नागपूरला शिकलेली. पण तोंडातून निघाला तो प्रश्न घरच्या बोलीत निघाला. "पंगतीले कोण्या हातानं वाढलं वं बाई?"

भागीरथानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला, मान खाली गेली. "डाव्या," ती म्हणाली. मॅजिस्ट्रेट म्हणाले, मोठ्यानं. "डाव्या हातानं वाढलं, साहेब. उजवा उचलतच नोहोता." वकील उठले, शांतपणा थोडा कमी झालेला. "साहेब, हे आत्ता शिकवलेलं आहे. बयानात एक अक्षर नाही." ते बरोबर बोलत होते, बयानात नव्हतं. मी म्हणालो, पुढचा साक्षीदार लटारू, बाहेर बसला आहे, आत काय झालं त्यानं ऐकलेलं नाही. त्याला बोलावलं. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की बराच वेळ खोकला आलेला नाही. मी मागे वळून पाहिलं नाही.

लटारूभाऊ आला, शपथ घेतली, बाकांकडे पाहून बाबांना मानेनंच रामराम केला. मी त्याला दुसरं काहीच विचारलं नाही. पंचांच्या पंगतीला तुम्ही होता? होतो. वाढलं कोणी? "पोरीनंच वाढलं, भागीरथानं." कोणत्या हातानं? त्याचे ओठ पानानं लाल होते, त्यानं ते पुसले. त्यानं वारलूकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. शेवटच्या बाकाकडे पाहिलं, एका पंचानं दुसऱ्या पंचाकडे पाहावं तसं, आता काय करायचं सांगा म्हणून. तिथून त्याला काय उत्तर मिळालं ते मला माहीत नाही. "खोटं बोलाले आलतो," तो म्हणाला. "पण ह्या हाताचं कोणी पढवलं नोहोतं. डाव्या हातानं वाढलं, साहेब." मॅजिस्ट्रेटांनी लेखणी थांबवली. "तुमच्याकडे डाव्या हाताचं पंगतीत चालतं?" "नाई चालत." "मग तुम्ही घेतलंत कसं?" "सारेच घेत होते." "हात का डावा, हे विचारलं नाही कोणी?" लटारूभाऊनं फडकं सोडून हातात घेतलं. "इचारलं असतं तं पंगत मोडली असती, साहेब. पंगत मोडली तं समझोता मोडला. उजवा हात पदरात होता, पण दिसून राह्यला होता. सुजून भोपळा झाला होता. चवदा जणाईनं पाह्यला. आमी जेवलो."

पुढचं सगळं कायद्याचं झालं. वकिलांनी उलटतपास केला, म्हातारा तेवढं एकच वाक्य धरून बसला, डाव्या हातानं. मॅजिस्ट्रेटांनी समझोत्याचा अर्ज नामंजूर केला, हाड मोडल्याच्या गुन्ह्याचा खटला चालेल म्हणून लिहिलं, पुढची तारीख दिली, आणि बाई भावाकडे राहील, आरोपीनं तिकडे फिरकू नये अशी ताकीद वारलूला दिली. शिक्षा होईल की नाही ते पुढे दिसेल. पण त्या दिवशी दहा वाजता वारलूनं बैल जुंपले आणि बंडी रिकामी गेली, तणसाच्या गादीवर ती नवी चटई. लटारूभाऊला त्यानं घेतलं नाही, म्हातारा पायीच निघाला. व्हरांड्यात भागीरथा माझ्यासमोर उभी राहिली. "साहेब, तुमाले कसं समजलं? म्या तं कोणालेच नाई सांगतलं. झिंगूलेबी नाई. पंचाईले डाव्या हातानं वाढलं म्हणून मलेच लाज वाटून राह्यली होती." मी म्हणालो, अंदाज केला. तिचा विश्वास बसला नाही, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. बायांना कधी पुन्हा विचारू नये ते फार लवकर समजतं.

कोर्ट उठलं तेव्हा बारा वाजून गेले होते. बाबा पायरीवर उभे होते, कोट अंगातच. आम्ही एका छत्रीत निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. बाबा काही बोलतील म्हणून मी चालत होतो आणि बोलू नयेत म्हणूनही चालत होतो. किल्ल्याच्या वेशीपाशी सावलीत ते थांबले. "म्या तुले तसं सांगाले सांगतलं नोहोतं," ते म्हणाले. "नाई," मी म्हणालो. "तुमी नाई सांगतलं. माह्या मनानंच सांगतलं." "तू लहान होतास." "पंच लहान नोहोते, बाबा." त्यांनी छत्री माझ्याकडे दिली आणि पुढे उन्हात चालायला लागले. मला एकदम वाटलं, यांना चक्कर येईल, यांच्या डोक्यावर छत्री धरावी. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, चालू द्यावं. मी मागे दोन पावलं छत्री धरून चालत राहिलो, छत्री दोघांच्या मध्ये, कोणाच्याच डोक्यावर नाही.

घरी पाटपाणी मांडलेलंच होतं. बाबांनी कोट काढला, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी शेजारी बसलो. भात, वरण, अंबाडीची भाजी. माय वाढायला आली, डाव्या हातात पळी. "काय मंग, कसा बोलते तुमचा पोरगा?" तिनं बाबांना विचारलं. बाबा भाताकडे पाहत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं. बायको दारात उभी होती. मी म्हणालो, "माय, आज एका बाईनं कोर्टात सांगतलं, पंचाईच्या पंगतीले डाव्या हातानं वाढलं म्हणून." पळी वरणात तशीच राहिली. "मीच तिले इचारलं होतं," मी म्हणालो. आणि मग जे म्हणायला तीस वर्षं लागली ते भाताच्या वाफेत पटकन होऊन गेलं. "तू मोहावरून पडली नोहोतीस. म्या खोटं सांगतलं. मले वडे पायजे होते." मला लाज वाटली आणि मी पाटावरून उठायला लागलो.

"बस," माय म्हणाली. "जेवत्या पानावरून उठू नोको. ज्याईनं उठाले पायजे होतं ते तवा नाई उठले." तिनं बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पळी वरणाच्या भांड्यात ठेवली आणि ते भांडं आणि भाताचं पातेलं सरकवून बाबांच्या पानाशी आणून ठेवलं. "लागंल तं घ्या," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, आत बसून रडेल. पण ती आली ती आपली जेवायची पितळी घेऊन, आणि तिनं भात-वरण स्वतःच वाढून घेतलं. आमच्या दोघांच्या समोर, भिंतीशी बसली. बायकोनं घाईनं पाट आणायला वळावं तर मायनं हातानंच नको म्हटलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माझ्या आईला जेवताना कधी पाहिलेलंच नाही. सगळ्यांचं झालं की ती चुलीपाशी, पाठ करून, दार ओढून जेवायची. ती बायांची रीत, असं मी धरून चाललो होतो. तिनं पदर बाजूला केला, वाकडा हात मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. मग डाव्या हातानं भात कालवला, डाव्या हातानं घास केला आणि आमच्या देखत तोंडात घातला. बाबा हात ओला करून तसेच बसले होते. त्यांच्या पानात भात होता, वरण नव्हतं, आणि पळी त्यांच्यापुढेच होती.